गल्लीत टॉवर येतोय? हरकत कुठे, कधी आणि कशी नोंदवायची

मैदानाभोवती बांधकामाचे पत्रे लागले की आपण जागे होतो. ग्रुपवर फोटो पडतात, संध्याकाळी गच्चीवर बैठक होते, रविवारी नगरसेवकाच्या कार्यालयात दहा-बारा जण जाऊन बसतात. तिथे कळतं की मैदानाचं आरक्षण (आराखड्यात ती जागा मैदानासाठी राखून ठेवल्याची नोंद) दोन वर्षांपूर्वीच बदललंय. सूचना पेपरात आली होती, हरकतींसाठी महिनाभर मुदत होती, आणि त्या महिन्यात आपल्या गल्लीतून एकही कागद गेलेला नाही.

पूर्व उपनगरातल्या आमच्या गल्लीत असंच झालं. पहिल्या वेळी आम्हाला उशीर झाला. दुसऱ्या वेळी मुदतीत पोचलो, पण चुकीचं लिहून. तिसऱ्या वेळी मात्र मागितलेल्या चारपैकी दोन गोष्टी लेखी मिळाल्या. या तीन खेपांत जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण प्रत्येक गल्लीने हे पहिल्यापासून शिकत बसावं इतका वेळ मुंबईत कुणाकडे नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. समोरच्या इमारतीत जिन्याला टेकू लावून राहणारी माणसं मी रोज बघते, त्यांना नवं घर मिळायलाच हवं. पण चाळीस कुटुंबांच्या जागी दीडशे येणार असतील, तर त्यांच्याबरोबर पाणी, रस्ता, मैदान आणि शाळाही आली पाहिजे. हरकत घ्यायची ती यासाठी.

आधी ओळखा: निर्णय नेमका कोणता?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आपल्याला वाटतं, शेजारी इमारत उभी राहणार म्हणजे पालिका आपल्याला विचारणार. तसं होत नाही. नियमांत बसणाऱ्या एकेकट्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याचा टप्पाच कायद्यात नाही. विकासकाचा आर्किटेक्ट ऑनलाइन प्रस्ताव टाकतो, इमारत प्रस्ताव विभाग तो तपासतो, आयओडी मिळते, मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. आयओडीचं पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे शब्दशः नामंजुरीची सूचना. प्रत्यक्षात ती अटींसह दिलेली मंजुरी असते. हे नाव वाचून 'प्रस्ताव फेटाळला' असा निरोप आमच्या ग्रुपवर फिरला होता आणि दोन दिवस सगळे निर्धास्त होते.

नागरिकांचं म्हणणं ऐकणं जिथे बंधनकारक आहे, ते टप्पे वेगळे आहेत. विकास आराखडा (शहरातली कुठली जागा कशासाठी, ते ठरवणारा) किंवा विकास नियंत्रण नियमावली (बांधकामाचे नियम) बदलायची असेल, मैदान-शाळा-दवाखान्याचं आरक्षण हलवायचं किंवा उठवायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. झाडं तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची सूचना येते. रस्त्याची रेषा, म्हणजे रस्त्याची कागदोपत्री हद्द, ठरवायची किंवा बदलायची, तर त्याचीही सूचना निघते. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र-अपात्रतेची यादी, म्हणजे परिशिष्ट २, प्रसिद्ध होते आणि तिथेही आक्षेप घेता येतो.

म्हणून पहिलं काम हे: आपल्या समोर चाललेली गोष्ट या यादीत बसते का, ते शोधायचं. बसत असेल तर हरकत नोंदवायची. बसत नसेल तर हत्यार वेगळं, माहितीचा अधिकार आणि मंजुरीच्या अटी. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. एकाच्या जागी दुसरं वापरलं की पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

जागेचा नंबर काढा

'पोस्टामागचं मैदान' या नावाने सरकार दरबारी काहीच सापडत नाही. उपनगरांत जागेला सीटीएस क्रमांक असतो, जुन्या मुंबई शहरात सीएस क्रमांक. बांधकामाच्या जागी लावलेल्या फलकावर तो असतोच, शिवाय पालिकेचा प्रस्ताव क्रमांकही असतो. अलीकडचे प्रस्ताव क्रमांक बहुधा 'पी' अक्षराने सुरू होतात आणि त्यात वर्ष, सीटीएस क्रमांक, विभाग हे सगळं असतं. फलकाचा फोटो काढून ठेवा. फलकच नसेल, तर तीच तुमची पहिली तक्रार.

नंबर हातात आला की दोन कागद मिळवा. पहिला मालमत्ता पत्रक, ज्यात मालक आणि क्षेत्रफळ असतं. दुसरा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय आहे याचा पालिकेचा कागद. पालिकेच्या संकेतस्थळावर शुल्क भरून तो कुणालाही काढता येतो, जागा तुमच्या मालकीची असायची गरज नाही. हा कागद निवांत बसून वाचा. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता तिच्यातून जातो का, वारसा यादीतली इमारत आहे का, किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सीआरझेड निर्बंध लागू आहेत का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. 'आरओएस' अशी अक्षरं दिसली तर ती आरक्षित मोकळी जागा, म्हणजे मैदान, बाग वगैरे.

सध्याचा आराखडा विकास आराखडा २०३४ या नावाने ओळखला जातो. तो आणि त्याच्याबरोबरची नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला होता. चुकांनी भरलेला होता तो. लोकांनी नकाशावर आपापली गल्ली शोधून काढली, उभ्या इमारतींतून जाणारे रस्ते दाखवून दिले, आरे कॉलनीबद्दल आवाज उठवला, हजारोंनी हरकती दिल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितला, आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. 'हरकतीने काय होतंय' असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देते.

निर्णय घेणारं दार कोणतं?

मुंबईत प्रत्येक जागेचं नियोजन महापालिकेकडे नसतं. म्हाडाच्या वसाहतींसाठी २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण आहे. झोपडपट्टी योजनेला एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. वांद्रे-कुर्ला संकुलाला एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पालिकेकडेही इमारत प्रस्ताव विभाग शहर, पश्चिम उपनगरे आणि पूर्व उपनगरे असा विभागलेला आहे, तर आरक्षणाचं काम विकास नियोजन खात्याचे प्रमुख अभियंता बघतात. तुमच्या वॉर्डातल्या विभाग कार्यालयाचा या मंजुऱ्यांशी फारसा संबंध नसतो. तिथे पत्र दिलं तर ते पुढे पाठवलं जातं, आणि त्या प्रवासात मुदत संपून जाते. आमचं एक पत्र असंच गेलं.

रस्ता मोजा

हे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तेच आहे.

टॉवर किती उंच जाणार ते बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. २०३४ च्या नियमावलीतल्या मूळ तक्त्याप्रमाणे उपनगरांत रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, १ एवढाच. ९ ते १२ मीटर असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा इथे वापरलेला बांधकामाचा हक्क) धरून २ पर्यंत, १२ ते १८ ला २.२, १८ ते २७ ला २.४ आणि २७ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर २.५. यावर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल नावाचं आणखी जादा बांधकाम. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर रस्ता साडेआठ मीटर असला तर १,३५० चौरस मीटर बांधकाम, आणि सव्वानऊ मीटर असला तर २,७००. पाऊण मीटरच्या फरकाने इमारत दुप्पट होते. उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती), म्हाडा, क्लस्टर (अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास), झोपडपट्टी योजना यांना नियम ३३ ची वेगवेगळी पोटकलमं लागतात आणि तिथले आकडे निराळे असतात, जुन्या सोसायट्यांनाही जादा लाभ मिळतो. तक्त्यात बदल होत राहतात, म्हणून लिहायला बसाल त्या दिवशी लागू असलेली नियमावली उघडा. पण रुंदीचा प्रश्न जवळजवळ सगळीकडे येतोच.

आम्ही एका रविवारी पहाटे साडेपाचला, स्कूटर आणि दुधाचे टेम्पो यायच्या आत मोजणी केली. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तीस मीटरची फायबरची टेप आणली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शून्याचं टोक आमच्या कुंपणाच्या भिंतीला धरलं, मी पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. तीन ठिकाणी मापं घेतली: ८.४० मीटर, ८.७५ मीटर, आणि वळणावर, जिथे विजेचा फीडर पिलर पुढे आलाय, ७.९०. नकाशावर होते ९.१५. काकू म्हणाल्या, "सापडला बघ!" मलाही तसंच वाटलं.

मग कागद बघितले. ९.१५ ची रस्तारेषा कधीच ठरलेली होती. बेपत्ता असलेला अर्धा-पाऊण मीटर आमच्याच कुंपणाच्या आत होता, जिथे आम्ही तुळस आणि दोन दुचाक्या ठेवतो. हिशेबात धरली जाते ती मंजूर रेषा. म्हणून टेप घेतलीत तर रस्तारेषेचा नकाशाही घ्या, आणि स्वतःच्या सोसायटीचा कागद आधी तपासा. नाहीतर सुनावणीत अधिकारी तोच कागद तुमच्यापुढे ठेवतात.

त्यातून आमची मागणी मात्र बदलली आणि नेमकी झाली. 'रस्ता अरुंद आहे, टॉवर नको' हे आम्ही खोडलं. त्याऐवजी लिहिलं: नव्या इमारतीचा सेटबॅक (रस्त्यासाठी सोडायची जागा) भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी, म्हणजे इमारत वापरायची परवानगी) आधी पालिकेच्या ताब्यात द्यावा, त्यावर पदपथ करून द्यावा, फीडर पिलर हलवावा. आमच्या बाजूचा सेटबॅक आमच्या पुनर्विकासाच्या वेळी आम्ही देऊ, हेही लिहून दिलं. मान्य झालेल्या दोन गोष्टींपैकी एक ही होती.

सूचना कुठे येते, आणि ती आपल्या नजरेला कशी पडेल?

कलम ३७ ची सूचना शासन राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रांतही छापली जाते. हरकतींसाठी मुदत एक महिन्याची. फक्त आपण घरी जो पेपर घेतो त्यातच ती येईल असं नाही. आमचा पहिला घोटाळा हाच. आता आमच्या गल्लीत चार घरांनी चार वेगळे पेपर वाटून घेतले आहेत. जाहीर सूचनांचं पान बघायचं, आपल्या मौजेचं (महसुली गावाचं) नाव दिसलं की फोटो टाकायचा, एवढंच काम. निवृत्त माणसं ते आनंदाने करतात. शिवाय आठवड्यातून एकदा पालिकेच्या संकेतस्थळावर विकास नियोजनाचं पान आणि राजपत्राचं संकेतस्थळ उघडून बघायचं.

बदल कधी महापालिका सुचवते, कधी राज्य सरकार स्वतः. सरकारने सुचवला असेल तर हरकती पुष्कळदा नगररचना विभागाचे बृहन्मुंबईचे उपसंचालक ऐकतात. त्यांचं कार्यालय आझाद मैदानाजवळ, महापालिका मार्गावरच्या एन्सा हटमेंट्समध्ये आहे. सूचनेत जो पत्ता असेल तोच धरायचा. सरकार काही वेळा त्याच अधिनियमाच्या कलम १५४ चे निर्देश देऊन बदल लगेच लागू करतं आणि हरकतींची प्रक्रिया मागाहून चालते. अशा वेळी 'आता काय उपयोग' म्हणून गप्प बसू नका. अंतिम मंजुरी बाकी असते आणि तुमची हरकत त्या नस्तीत असायला हवी.

झाडांची सूचना झाडाच्याच खोडावर चिकटवलेली असते. मुदत फार थोडी, बहुधा सातच दिवस. तो कागद दिसला की त्याच दिवशी झाडाचा फोटो घ्या, खोडाचा घेर मोजा आणि पत्र द्या.

हरकत लिहिताना

दुसऱ्या खेपेला आम्ही दोनशे बारा सह्यांचं एकच निवेदन दिलं होतं. फार अभिमान वाटला होता. सुनावणीच्या यादीत ते एक हरकत म्हणून आलं, एकाच्याच नावाने बोलावणं आलं, आणि तो माणूस त्या दिवशी नाशिकला होता. तेव्हापासून आम्ही सह्यांचा गठ्ठा देत नाही. वीस घरं वीस वेगळी पत्रं देतात, प्रत्येकजण आपल्याला दिसणारी गोष्ट लिहितो. शाळेत शिकवणाऱ्या ताई शाळेबद्दल लिहितात, पहिल्या मजल्यावरचे काका पावसाळ्यात गुडघाभर साचणाऱ्या पाण्याबद्दल. एकच मजकूर वीस वेळा छापून दिला तर तोही एकत्रच निकालात निघतो.

पत्रात भावना कमी आणि मोजता येईल असं जास्त असावं. 'परिसराचा श्वास कोंडेल' या वाक्यावर अधिकाऱ्याला टिपणीत काहीच लिहिता येत नाही. '५०० मीटरच्या आत दुसरं मैदान नाही, नकाशा जोडला आहे' यावर त्याला उत्तर द्यावंच लागतं. आम्ही वापरतो तो सांगाडा असा. जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि मजकूर तुमच्या पाहणीप्रमाणे बदला:

*विषय: मौजे ____, सीटीएस क्र. ____ या भूखंडावरील क्रीडांगणाचे आरक्षण बदलण्याच्या प्रस्तावास हरकत.*

*संदर्भ: महाराष्ट्र शासन राजपत्र, दिनांक ____ मधील सूचना क्र. ____.*

*१. मी वरील पत्त्यावर ____ वर्षांपासून राहते. माझे घर सदर भूखंडापासून ____ मीटर अंतरावर आहे.*

*२. मंजूर विकास आराखडा २०३४ नुसार या भूखंडाच्या ५०० मीटर परिसरात दुसरे क्रीडांगण नाही. आराखड्याचा उतारा परिशिष्ट अ म्हणून जोडला आहे.*

*३. शेजारील शाळेला स्वतःचे मैदान नसल्याने तिचे विद्यार्थी ही जागा वापरतात. मुख्याध्यापकांचे पत्र व छायाचित्रे परिशिष्ट ब म्हणून जोडली आहेत.*

*४. सूचनेत पर्यायी जागा दिलेली नाही, तसेच बदलाचे कारण नमूद नाही.*

*मागणी: आरक्षण कायम ठेवावे. ते शक्य नसल्यास तेवढ्याच क्षेत्रफळाचे क्रीडांगण याच विभागात, याच प्रक्रियेत आरक्षित करून मगच बदल करावा. मला सुनावणीची लेखी सूचना द्यावी व प्रत्यक्ष म्हणणे मांडू द्यावे.*

शेवटच्या परिच्छेदातलं 'ते शक्य नसल्यास' फार महत्त्वाचं आहे. आमच्या गल्लीत यावरून भांडण झालं होतं. काहींचं म्हणणं, पर्याय सुचवला म्हणजे आपण आधीच हरलो. मला तसं वाटत नाही. पहिली मागणी फेटाळली गेली तर दुसरीवर निर्णय घ्यावा लागतो. दुसरी लिहिलीच नसेल तर तुमचं पत्र तिथेच संपतं. आरक्षणाची जागा मालकाने काही भागावर बांधून उरलेली पालिकेला द्यायची, अशीही तरतूद नियमावलीत आहे. तसा प्रस्ताव असेल तर किती जागा, सलग की तुकड्यांत, रस्त्यालगत की इमारतीच्या मागे, आणि कधी ताब्यात मिळणार, हे चार प्रश्न विचाराच.

पत्र हाताने द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. आमच्यातल्या एकाने पेटीत टाकलेलं पत्र एका कार्यालयात सापडलंच नाही. पोच नव्हती, त्यामुळे तो काही म्हणू शकला नाही. ई-मेलचा पत्ता दिला असेल तर तिथेही पाठवा, पण शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

सुनावणीला जाताना

वेळ कमी असतो. बाहेर बाकड्यावर दीड तास थांबलो आणि आत चार मिनिटं मिळाली, असं आमच्या वाट्याला आलं आहे. म्हणून चारच मिनिटांची तयारी करा. एक मोठा नकाशा, त्यावर लाल पेनने जागा, हिरव्याने इतर मैदानं. आधी मागणी सांगायची, मग कारण. सगळ्यांनी तोच मुद्दा बोलू नये, वाटून घ्यावेत. नोकरी करणाऱ्यांनी रजा टाकून यावं ही अपेक्षा मोठी आहे, हे मला कळतं, पण खुर्च्या रिकाम्या दिसल्या की प्रश्न कुणालाच नव्हता असा अर्थ निघतो. बोललेलं सगळं लेखी करून त्याच दिवशी तिथेच द्या आणि त्याचीही पोच घ्या. निघताना आपल्या हजेरीची नोंद झाली ना, ते विचारा.

नगरसेवकाकडे काय मागायचं?

महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. म्हणजे आता पुन्हा २२७ नगरसेवक आहेत, आणि आरक्षणं, भूसंपादन, रस्तारेषा यांचे विषय ज्या समितीपुढे येतात ती सुधार समितीही. पालिकेने सुचवलेला आराखड्यातला बदल समिती आणि सभागृहातून पुढे जातो. पत्रे लागल्यावर नगरसेवकाला भेटून फार काही हाती लागत नाही. विषय सुधार समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायच्या आधी भेटा. 'साहेब, बघा जरा' असं म्हणू नका. ठरावाची सूचना मांडा, हा विषय पाहणीशिवाय मंजूर करू नका, जल अभियंता आणि पर्जन्य जलवाहिन्या खात्याचे अभिप्राय समितीपुढे ठेवा, असं नेमकं मागा, आणि एका पानावर लिहून द्या. आपल्या नगरसेवकाचा पक्ष कोणता याने मला काही फरक पडलेला नाही. एका पानावर लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं.

मंजुरी आधीच मिळाली असेल तर

इथे माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस. 'सर्व कागदपत्रे द्या' लिहू नका. नावं घेऊन मागा: आयओडी आणि तिच्या अटी, सीसी, शेवटचे मंजूर नकाशे, आयुक्तांनी दिलेल्या सवलतींची टिपणी, मोकळ्या जागेचा हिशेब, अग्निशमन दलाचं ना-हरकत. नकाशे 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नाकारले तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. नुसती फाइल बघायला मागणं पुष्कळदा जास्त सोपं पडतं. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यायचे आहेत. जाताना वही न्या, सवलतींच्या टिपणीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाजूची मोकळी जागा कुठे आणि किती कमी केली, ते तिथेच कळतं.

विक्रीची घरं असलेला मोठा प्रकल्प असेल, तर महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर त्याच्या पानावर आयओडी, सीसी, नकाशे हे कागद फुकट दिसतात. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिचे कागद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात. आमच्या बाबतीत पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, याचं लेखी उत्तर तिथे सापडलं.

मग अटींवर पाठपुरावा करा. लेआउट (प्रकल्पाची एकूण जागा) १,००१ ते २,५०० चौरस मीटरचा असेल तर १५ टक्के, १०,००० पर्यंत २० टक्के आणि त्यापुढे २५ टक्के मनोरंजनाची मोकळी जागा ठेवावी लागते. ती जमिनीवर दिसते का, की तिथे गाड्या उभ्या राहतात? धुळीसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले: एक एकरापेक्षा मोठ्या जागेला ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. आमच्या इथे चाकं धुतली जात नव्हती. शाळा सुटायच्या वेळी डंपर निघायचे आणि मागे लाल मातीचा पट्टा पसरत जायचा. आम्ही सात दिवस तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढले, विभाग कार्यालयात दिले, दहाव्या दिवशी चाकं धुवायची सोय झाली. भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी केलेल्या तक्रारीला जो जोर असतो, तो नंतर राहत नाही. म्हणून सेटबॅक, पदपथ, मोकळी जागा, लावायची झाडं यांची यादी ओसीच्या आधीच इमारत प्रस्ताव विभागाला द्या.

कोर्टाचा रस्ताही आहे. पण त्याआधी वरचे कागद आणि पोच हातात असली पाहिजे, वकील पहिल्यांदा तेच मागतात.

२०२८ ची तयारी आताच

एक तारीख वहीत लिहून ठेवा. आरक्षित जागा दहा वर्षांत पालिकेने घेतली नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे 'ही जागा विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. इथे हरकत मागवली जात नाही. २०३४ चा आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, म्हणजे त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं सप्टेंबर २०२८ मध्ये भरतात. ती मोकळी जागा आज मैदान म्हणून वापरात असली, तरी कागदावर खाजगी मालकीची असू शकते.

आमच्या गल्लीने गेल्या उन्हाळ्यात एक काम केलं. सुट्टीत घरी असलेल्या कॉलेजच्या चार मुलांनी आमच्या प्रभागातल्या प्रत्येक आरक्षित भूखंडाची वही केली: सीटीएस क्रमांक, क्षेत्रफळ, कशाचं आरक्षण, मालक कोण, पालिकेच्या ताब्यात आहे का, आज तिथे काय आहे. सव्वीस भूखंड निघाले. त्यातले नऊ पालिकेच्या ताब्यात. उरलेल्या सतरांची यादी आम्ही विकास नियोजन खात्याला, आयुक्तांच्या कार्यालयाला आणि नगरसेवकाला दिली आहे. संपादनासाठी अर्थसंकल्पात काय तरतूद केली, असं त्यात विचारलं आहे. तिन्ही प्रतींवर शिक्का आहे. वही काकूंच्या कपाटात असते. पुढच्या महिन्यात त्या सतरा जागांवर पुन्हा एकदा चक्कर मारायची ठरली आहे, पत्रे लागलेत का ते बघायला.